सिस्टरबाईंच्या वाट्याला आलेलं वचन

२८ डिसेंबर, शनिवार

पास्टर आदेश यांनी मंडळीतल्या प्रत्येक घरात एकेक वही दिली. रोज देवाची एक कृपा लिहायची म्हणे, वर्षाच्या शेवटी वाचली की विश्वास वाढतो. कोणी तपासणार नाही असंही म्हणाले, तेव्हा खरं तेच लिहिते. आजची कृपा: झेरॉक्सची मशीन दोनदाच अडकली.

मी दीपमाला. सिंदीत स्टेशनच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स अन् टायपिंगचं दुकान आहे, म्हणून लिहिताना जरा शुद्ध लिहायची सवय. बोलताना नाही. नवरा अनुप सेलूच्या शाळेत मास्तर. पोरगी आकांक्षा नागपूरला हॉस्टेलवर. आणि घरात सासूबाई, शोभाबाई. पण त्यांना गावात शोभाबाई कोणी म्हणत नाही, सिस्टरबाई म्हणतात. बत्तीस वर्षं नर्स होत्या. अर्धं सिंदी त्यांच्या हातावर जन्मलं अन् उरलेल्या अर्ध्याला त्यांनी सुया टोचल्या. त्यामुळे गाव त्यांना नमस्कार करतं आणि जरा लांबून जातं. मला लांबून जायची सोय नाही.

तर या सिस्टरबाईंच्या छातीत गाठ निघाली. चार महिने लपवून ठेवली बाईनं! कपडे धुताना मला ब्लाउजच्या आतून कापसाची घडी शिवलेली दिसली, म्हणून कळलं. दुनियेच्या बायांना ‘महिन्याच्या महिन्याला हात लावून पाहत जा’ म्हणून शिकवणारी ही. वर्ध्याच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, आत्ता काढली तर बऱ्या होतील, लांबवली तर मग आमच्या हातात काही राहत नाही. एकवीस जानेवारीची तारीख दिली. सासूबाई लगेच हो म्हणाल्या. बावीस वर्षांत त्या कशालाच लगेच हो म्हणालेल्या मी पाहिल्या नाहीत.

आज दुकानात वर्षाची वचनं टाइप केली. आमच्या मंडळीत एक जानेवारीच्या उपासनेनंतर शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, ओळींच्या चिठ्ठ्या डब्यात टाकतात आणि ज्यानंत्यानं डोळे मिटून एक उचलायची. जी हाती येईल ती देवानं त्याला वर्षभरासाठी दिली असं समजायचं. कोणी फ्रिजवर चिकटवतं, कोणी पाकिटात ठेवतं. पास्टर फक्त अध्याय अन् ओवीचे आकडे लिहून देतात. मी मोबाइलमधून ओळ उचलते अन् चिकटवते. बेचाळीस वचनं, अन् डोक्यावर सातबाऱ्याच्या झेरॉक्सवाले चार जण ‘झालं का ताई, झालं का ताई’ करत उभे. वाचत बसायला वेळ कोणाला? पिवळा कागद कापला, डबा भरला, मोकळी झाले.

१ जानेवारी, बुधवार

उपासना, मग चिठ्ठ्या, मग पुलाव. मधुकरराव म्हणजे मंडळीतल्या पुरुषांत सगळ्यांत ज्येष्ठ, अडुसष्ट वर्षांचे विधुर. त्यांना वचन निघालं की तुझी बायको घरात फळलेल्या वेलीसारखी होईल. सगळे हसले आणि मधुकरराव कानापर्यंत लाल झाले. अनुपला निघालं, वैऱ्यांच्या डोळ्यांदेखत तुझं ताट वाढलं जाईल. तेव्हापासून हेडमास्तरच्या घरी जेवायला जायचं म्हणतोय. मला निघालं, जिभेला आवर घाल. टाळ्या पडल्या! देवा, बेचाळीस चिठ्ठ्यांतून तुला हीच सापडली का रे?

सासूबाईंनी चिठ्ठी उघडली, पाहिली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. पास्टर म्हणाले, "वाचा ना सिस्टरबाई." तर म्हणाल्या, "चष्मा नाई आणला." चष्मा गळ्यात दोरीला लटकत होता. पण बोलायची कोणाची हिंमत? पुलाव नेहमी दोनदा घेतात, आज ताटलीसुद्धा उचलली नाही. आजची कृपा: पुलाव उरला, उद्याचा डबा सुटला.

२ जानेवारी, गुरुवार

चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अनुप, वर्ध्याले फोन करून सांग. मी येत नाई."

"काऊन, आई?"

"देवानं नाई म्हटलं."

आणि चिठ्ठी टेबलावर ठेवली. पिवळी. वर लिहिलेलं की घर आवरून घे, तुझे दिवस भरले, तू आता यातून उठत नाहीस.

अनुपचा चहा बशीतच राहिला. मला आधी देवाचा राग आला. म्हटलं, हे काय बोलणं झालं? म्हाताऱ्या बाईला असं सांगतात का, तेही पुलावाच्या आधी? मग कागदाच्या कडेकडे लक्ष गेलं, ती मीच कापलेली. मी तशीच दुकानात गेले, फाइल उघडली, पास्टरांची यादी काढली. ती एका आजारी राजाची गोष्ट आहे. संदेष्टा येऊन त्याला सांगतो की आवराआवर कर, तू वाचत नाहीस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो. मग चार ओळी खाली देव म्हणतो की बरं, तुझं रडणं दिसलं मला, पंधरा वर्षं वाढवून देतो. पास्टरांनी यादीत पाचवी ओवी लिहिलेली आहे. मी घाईत अध्यायाची पहिलीच उचलली.

टायपिंग माझं, कागद माझा, कात्री माझी. देवाचा फक्त डबा, अन् तोही काजूकतलीचा.

मग सांगून टाकायचं ना? एवढंच तर आहे. पण बावीस वर्षं ही बाई मला एकच गोष्ट सांगते, ‘दीपमाला, न पाहता कामं करतेस.’ भाजीत मीठ न पाहता, दोरीवर कपडे न पाहता. आता हे सांगितलं तर जन्मभर ऐकावं लागेल. तिच्या जन्मभर. अन् तो जर... नाही लिहीत. कृपा: काही नाही.

४ जानेवारी, शनिवार

पास्टरांना सगळं सांगितलं. म्हटलं, "तुम्हीच समजावून सांगा न त्याईले."

त्यांनी डोकं धरलं. "ताई, तुम्ही सांगा. चूक तुमची आहे."

"तुम्ही पास्टर आहात!"

"मी पायाळू जन्मलो होतो, ताई. सिस्टरबाईंनी पाय धरून ओढून काढलं, अन् भेटल्यावर दर वेळी चारचौघांत सांगतात. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही."

एकोणतीस वर्षांचा बाप्या! शेवटी ठरलं की ते रविवारी उपदेशातून आडून आडून सांगतील.

५ जानेवारी, रविवार

आडून आडून म्हणजे इतकं आडून की कोणालाच कळलं नाही. ‘वचन अर्धवट वाचू नये, मागचं-पुढचंही वाचावं’ यावर पस्तीस मिनिटं. मी मात्र सासूबाईंकडे पाहत होते. त्या खाली मान घालून साडीच्या काठाचा धागा ओढत बसल्या होत्या. दारात पास्टरांना म्हणाल्या, "आदेश पोरा, लय बोललास आज. पोटात होतास तवाबी असाच आडवा-तिडवा फिरायचास."

घरी मी म्हटलं, "आई, ते वचन त राजासाठी होतं. तुमाले कसं लागू होईन?"

"काऊन? मी काय राजापेक्षा कमी हाय?"



८ जानेवारी, बुधवार

देवानं आवराआवर करायला सांगितली म्हणून म्हातारीनं खरंच घर उपसायला घेतलं आहे. माळ्यावरची पितळेची भांडी खाली आली. दोन गंज आणि परात शेजारच्या कुंताबाईला दिली. कुंताबाई बाजारात भाजी विकते, तिच्या नवऱ्याची, दौलतरावांची तीन एकरांत वांगी-मेथी असते. ती रडत रडत परात घेऊन गेली, पण घेऊन गेली. मसाल्याच्या डब्यांवर चिकटपट्ट्या लागल्या, ‘धने’, ‘जिरे’, ‘हे दीपमालाले समजत नाई’. शिलाई मशीन आकांक्षाला. नर्सिंगचं पिनचं घड्याळ कोणाला ते सांगितलं नाही.

अनुप दोन दिवस विनवतो आहे. सासूबाईंचं एकच, "देवाच्या पुढं जाऊ काय मी?" तो गप्प होतो, कारण लहानपणी ‘देवानं स्वच्छ राहायला सांगितलं’ म्हणत त्याला हेच वाक्य ऐकवून आंघोळीला पाठवायच्या.

त्यांच्या खोलीत झाडायला गेले तर पलंगावर शास्त्र उघडं, वर चष्मा. बरोबर त्याच राजाच्या पानावर. मला पाहून झटकन मिटलं. म्हटलं, चला, आता चार ओळी खाली नजर जाईल आणि आपली सुटका होईल. पण काहीच बोलल्या नाहीत. इतकं वाचून डोक्यात शिरत कसं नाही, देव जाणे.

९ जानेवारी, गुरुवार

आज एक पाप केलं. त्याच पिवळ्या कागदावर दीर्घायुष्याचं छानसं वचन छापलं, घडी घातली, त्यांच्या चष्म्याच्या डबीत सरकवलं. म्हटलं, देव बोलत नाही तर आपण त्याच्या वतीनं बोलू. डीटीपी करतोच की आपण सगळ्यांचं.

संध्याकाळी भाकरी थापत होते तर मागून आवाज, "दीपमाला, देवानं अजून एक चिठ्ठी धाडली."

"हो का? अवो माय! काय लिहिलं?"

"वाचलं नाई. पण देव आजकाल कटिंग वाकडी करून राह्यला."

चिठ्ठी चुलीच्या बाजूला ठेवून निघून गेल्या. माझी भाकरी करपली. कृपा: दुसरी चांगली फुगली.

११ जानेवारी, शनिवार

ऐन गर्दीत सासूबाई दुकानात आल्या. खुर्ची ओढली, कागद पुढं केला. "हे टाइप कर. मोठ्या अक्षरात, मधुकररावाले दिसत नाई."

त्यांच्याच अंत्यविधीचा कार्यक्रम! गीत पहिलं, प्रार्थना, गीत दुसरं. ‘पास्टरांचा संदेश, दहा मिनिटं, घड्याळ पाहून.’ ‘कोणी भाषण करू नये. करायचंच असल्यास खरं बोलावं.’ ‘जेवणात वांग्याची भाजी नको, कुंताबाई आग्रह करीन तरी नको.’ उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेला माणूस माझ्या खांद्यावरून वाचत होता अन् त्याचा जबडा खाली आला होता.

मी टाइप केलं. करणार काय? "तारीख काय टाकू?" मी विचारलं, जरा तोडूनच.

"मोकळी जागा सोड." मग हळूच म्हणाल्या, "मोठी सोड."

प्रिंट काढून दिली. त्यांनी घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली, गाठीच्या बाजूला. मी मशीनच्या मागे जाऊन टोनर बदलायचं नाटक केलं. टोनर चांगला भरलेला होता.

१४ जानेवारी, मंगळवार

कुंताबाई तिळगूळ घेऊन आली. म्हणाली, "रविवारी गिरडले गेलतो आमी. टेकडीवर बाबाच्या दर्ग्यात सिस्टरसाठी मन्नत मागून आलो. तुमच्यात चालत नसन त सांगू नको त्याईले." या घडीला कोणीही कुठंही नवस बोललं तरी मला चालणार आहे. देवा, तू मोठ्या मनाचा आहेस असं ऐकून आहे.

जाता जाता कुंताबाई म्हणते, "सिस्टरले भेव वाटून राह्यलं काय वं?"

मी हसलेच. भेव? हिला? हिनं दवाखान्यात निघालेला साप सलाइनच्या दांड्यानं मारला होता. हिनं दारुड्या नवऱ्यांना बाळंतिणीच्या खोलीबाहेर कानाला धरून काढलं. बावीस वर्षांत मी हिला घाबरलेली पाहिली नाही. काल मात्र अंगणात बसून वर्ध्याचे कागद वाचत होत्या, तेव्हा गुडघे लटलट हलत होते. म्हणाल्या, थंडी हाय. थंडी होतीच.

१८ जानेवारी, शनिवार

दवाखान्यातून फोन आला. सोमवारी भरती होणार की नाही ते उद्यापर्यंत सांगा, नाहीतर तारीख दुसऱ्या पेशंटला जाईल, मग पुढची मार्चमध्ये. अनुप नळ सोडून मोरीत रडला. नळाला पाणी नव्हतं, सगळं ऐकू आलं.

देवा, सोळा दिवस झाले मला हे माहीत असून. मी कशासाठी गप्प आहे? टोमण्यांसाठी? बावीस वर्षं टोमणे खाऊन जगलेच की, वजनही वाढलं. मी तुझ्यावर ढकलत होते, की तूच कायतरी कर, स्वप्न दाखव, पास्टरांना कंठ फोड. तू काही करत नाहीस. आता वाटतं, तू माझीच वाट पाहत बसला आहेस, अन् तुझ्याकडे वेळ भरपूर आहे. म्हातारीकडे नाही.

उद्या सांगते. घरात सांगितलं तर माझ्याच्यानं अर्ध्यात फिरवलं जाईल. सगळ्यांसमोर सांगते.

१९ जानेवारी, रविवार

उपासनेत साक्ष द्यायची वेळ असते. कोणाची शेळी सापडली, कोणाचा ताप उतरला, ते उभं राहून सांगायचं. मी उभी राहिले. लोकांना वाटलं, नवीन प्रिंटर घेतला असेल.

म्हटलं, "सिस्टरबाईची चिठ्ठी देवानं नाई धाडली. म्या चुकीची छापली. पास्टरांनी पाचवी ओवी लिहिली होती, म्या न पाहता पहिली टाकली. दोन तारखेपासून म्हाईत हाय मले अन् मी भेकडासारखी चूप राह्यली. आई, मरायचं नाई तुमाले. खाली पंधरा वर्षं लिहून हायेत. उद्या चला."

मग मधुकररावांचा आवाज, "दीपमाला, मायं वचन त बरोबर हाय न? त्याच्या भरोशावर मी वायगावच्या एका बाईले निरोप धाडला."

मागून कोणीतरी म्हणालं, माझंही पाहून सांग. तिसऱ्यानं पाकीटच काढलं. पास्टर हात वर करून ‘शांती, शांती’ म्हणत होते. सासूबाई उठल्या, पदर नीट केला. "बसा आता सगळे. लोकायचे वरण लागून राह्यले असन चुलीवर." आणि बाहेर चालू लागल्या.

घरी येऊन अंगणात तुरीच्या शेंगा सोलायला बसल्या. मी समोर बसले. म्हटलं, पडू दे काय पडायचं ते डोक्यावर.

बऱ्याच शेंगा झाल्यावर म्हणाल्या, "मले त्याच दिशी समजलं होतं."

"काय?"

"पन्नास वर्षांपासून दरसाल शास्त्र पहिल्या पानापासून वाचून राह्यली मी. त्या राजाची गोष्ट मले म्हाईत नसन? असं वचन कोनी डब्यात टाकते काय? म्हटलं, दीपमालानं न पाहता टाकलं असन."

"मंग... मंग सतरा दिवस? भांडे वाटले, तो कार्यक्रम टाइप करून घेतला, मी तिकडं रोज मरून राह्यली..."

"भेव वाटलं," त्या म्हणाल्या. मान खाली, बोटं शेंगेवर. "हजारेक बायाईले टेबलावर नेलं असन मी. सगळ्याईचा हात धरून म्हटलं, घाबरू नोको, देव हाय. मायी पाळी आली त पाय उचलेना. तेवढ्यात तुयी चिठ्ठी हाती आली. भेव वाटते म्हटलं त लोक हासतीन. देवानं नाई म्हटलं असं सांगितलं त विश्वासाची बाई म्हणतीन."

शेंग तशीच हातात राहिली. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं. नाकानं आवाज करत रडतात, लहान पोरासारख्या. मला भयंकर राग आला होता आणि मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते, दोन्ही एकदम.

"अन् आता?" मी विचारलं.

पदरानं नाक पुसलं. "आता तू भर मंडळीत सांगून बसली. मायापाशी निमित्तच नाई उरलं. उद्याची गाडी किती वाजताची हाय?"

२० जानेवारी, सोमवार

वर्धा. भरती झाल्या. आल्या आल्या वॉर्डच्या नर्सला चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवलं. अनुप कागद करायला गेला. संध्याकाळी फॉर्मवर सही केली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. मी दोनदा हाक मारली, ओ नाही. तेव्हा मला तो राजा आठवला.

मी खाट जराशी ओढली आणि भिंत अन् खाटेच्या मधे स्टूल घुसवून बसले. गुडघे छातीला लागले.

"इकडं कायले आली? जागा नाई."

"तुमी इकडं तोंड केलं म्हणून."

त्यांनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, प्रेमानं. नाडी पाहत होत्या. "लय जोरात पळून राह्यली. भेव वाटते?"

"हो."

"मलेबी." मनगट न सोडता म्हणाल्या, "प्रार्थना कर."

मला मोठ्यानं प्रार्थना करता येत नाही, बावीस वर्षं मी जेवणाच्या आधी ओठ हलवते फक्त. तरी केली. "देवा, चूक माझी होती पण डबा तुझा होता. आता दोघांनी मिळून निस्तरू. डॉक्टरचा हात धर. आणि या बाईचंही भेव घे, ते तिला शोभत नाही. आमेन."

"आमेन," सासूबाई म्हणाल्या. "जिभेले आवर घालायचं वचन होतं न तुले?"

झोपताना उशीखालून ते पिनचं घड्याळ काढून माझ्या ओढणीला लावलं. म्हणाल्या, "उद्या आत नेऊ देत नाई. सांभाळ." अंत्यविधीच्या कार्यक्रमाचा कागदही दिला. तो मी कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेले आणि परत पर्समध्ये ठेवला. पास्टरांच्या दहा मिनिटांची ओळ तरी कधी उपयोगी पडेल.

२१ जानेवारी, मंगळवार

दोन तास चाळीस मिनिटं. ओढणीवरच्या घड्याळात पाहिली, सगळीच्या सगळी.

बाहेर आणल्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "टाके कोनी घातले?" डॉक्टर म्हणाले, मी. "पाहू," म्हणाल्या आणि परत झोपल्या.

कृपा लिहायला बसले तर एकच शब्द येतो, त्यामुळे तोच लिहिते. आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट आला. गाठ वाईटच होती, पण बगलेपर्यंत गेली नव्हती. औषधं अन् रेडिएशनचे शेक चालतील, डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. टाके काढले. सासूबाईंनी आरशात पाहून डॉक्टरांना दहापैकी सात दिले.

कुंताबाई परात परत द्यायला आली. सासूबाई म्हणाल्या, "ठेव आता, हिच्यानं जड भांडे घासले नाई जात." मधुकररावांना वायगावहून होकार आला आहे. ते रोज दुकानात येऊन फाइलमधलं आपलं वचन पुन्हा पुन्हा तपासून जातात.

आज सासूबाईंनी हुकूम सोडला, पाचवी ओवी छापून आण. मी या खेपेला तीनदा वाचली, पट्टी लावून सरळ कापली. त्यांनी चष्मा लावून चारही कडा पाहिल्या आणि फ्रिजवर चिकटवली. "पंधरा वर्षं," म्हणाल्या, "आता देवाचा शब्द हाय, तुया हातची चूक नाई." आणि लगेच, "भाजीत मीठ पाहिलं काय?"

पंधरा वर्षं! त्या आज एकाहत्तर, म्हणजे शहाऐंशीपर्यंत. मी बासष्टची होईन. पंधरा वर्षं डब्यांवरच्या चिकटपट्ट्या, पंधरा वर्षं मीठ, पंधरा वर्षं न पाहता कामं करतेस. देवा, मी कोणतं पाप केलं होतं रे?

पण एक लक्षात ठेव. पंधरा म्हटलं आहेस तू, फ्रिजवर आहे. एक दिवस जरी कमी दिलास ना, तर जिभेला आवर वगैरे काही घालणार नाही मी.